कडू, गढूळ, आंबट आणि परत साधी लागर

क्राफ्ट बिअरचं (छोट्या कारखान्यांत बनणाऱ्या बिअरचं) वेड लागलेला कुणी भेटला की त्याला विचारून बघा, दहा-पंधरा वर्षांपूर्वी तू काय प्यायचास? बहुतेक जण उत्तर देताना जरा लाजतात. कारण तेव्हा "जितकी कडू तितकी भारी" असं चाललेलं असतं, मग मधे कधीतरी ज्यूससारख्या गढूळ आयपीएची (इंडिया पेल एलची) भक्ती सुरू होते, मग आंबट बिअर, मग काळी, चॉकलेट केकसारखी गोड स्टाउट, आणि आता हाच माणूस एक साधी, सोनेरी, स्वच्छ पिल्सनर घेऊन शांत बसलेला असतो. तीच लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर), जिला तो "पिवळं पाणी" म्हणायचा. मीपण याच रस्त्याने आलोय त्यामुळे हसायचा हक्क मला नाही. लोक म्हणतात फॅशन आहे, येते आणि जाते. फॅशन आहेच, पण तिच्या मागे जीभ, नाक आणि यीस्ट यांचा बराच हात आहे आणि ती गंमत सहसा कुणी सांगत नाही.

कडूपासूनच सुरू करू. बिअरला कडू करतात ती हॉप्सची फुलं, म्हणजे एका वेलीची हिरवी बोंडं. त्यांच्यात अल्फा अ‍ॅसिड्स असतात, पण गंमत म्हणजे ती आहेत तशी फारशी कडूही नसतात आणि पाण्यात नीट विरघळतही नाहीत. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा) गोड अर्क हॉप्सबरोबर तासभर उकळला की त्या रेणूंची रचना थोडी बदलते, आयसो-अल्फा अ‍ॅसिड तयार होतं आणि ते मात्र सणसणीत कडू असतं. एक लिटर बिअरमध्ये त्याचं एक मिलिग्रॅम म्हणजे साधारण 1 आयबीयू, हे कडूपणा मोजायचं एकक. हलकी लागर 10-15 च्या आसपास, आयपीए 40 ते 70. मधल्या काळात लेबलवर मोठमोठे आकडे छापायची शर्यत लागली होती, पण बिअरमध्ये हे अ‍ॅसिड विरघळायला मर्यादा आहे, शंभरीच्या थोडं पुढे गेलं की ते मावतच नाही, त्यामुळे त्यावरचे आकडे बहुतेक कागदावरचेच. शिवाय आकडा आणि चव यांचं जुळतंच असंही नाही. 60 आयबीयूची जाड, गोडसर स्टाउट ही 45 वाल्या कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या पेल एलपेक्षा (एल म्हणजे लागरपेक्षा जरा गरम तापमानाला आंबवलेली बिअर) कमी कडू लागू शकते, कारण गोडवा कडूला दाबतो.

आपल्या जिभेवर कडू ओळखणारे साधारण 25 प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि गोडासाठी जेमतेम एक जोडी. याचं कारण सोपं आहे, झाडपाल्यातली बरीच विषं कडू असतात, त्यामुळे कडू लागलं की थुंक हा नियम जन्मतःच मिळालेला. लहान बाळ कडू तोंडात जाताच चेहरा वाकडा करतं ते यामुळेच. मग मोठी माणसं पैसे देऊन कडू का पितात? कारण मेंदू अनुभवातून शिकतो, शंभर वेळा कडू प्यायलो आणि काहीच वाईट झालं नाही, उलट बरं वाटलं, तर धोक्याची घंटा हळूहळू मंद होते. कॉफीचं असंच होतं. मग जी बिअर पहिल्यांदा तोंड वाकडं करायला लावत होती ती मिळमिळीत वाटायला लागते आणि माणूस अजून कडू शोधतो.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. 2013 मध्ये स्टॅनफर्डच्या ज्युलियन मॅकॉली आणि युरे लेस्कोवेक यांनी लोकांनी बिअरना दिलेल्या रेटिंगचा मोठा साठा तपासला आणि तीच माणसं अनुभव वाढेल तशी कशी बदलतात ते पाहिलं. नवखे लोक लागरना जास्त गुण देतात आणि मुरलेले लोक स्ट्राँग एलना, असं त्यात स्वच्छ दिसलं. म्हणजे "मला ही आवडत नाही" याचा अर्थ कधीकधी "मला अजून आवडत नाही" एवढाच असतो.

पण नुसती जीभ तयार असून भागत नाही, माल पण पाहिजे ना. अमेरिकेत ओरेगनमधल्या सरकारी संशोधनातून 1972 मध्ये कॅस्केड नावाची हॉप्सची जात बाहेर आली, तिला ग्रेपफ्रूटसारखा वास. जुन्या युरोपियन हॉप्सचा वास गवत, मसाले, फुलं असा असायचा, त्यापुढे हे प्रकरण फारच भडक. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने 1975 मध्ये लिबर्टी एलमध्ये ती वापरली, सिएरा नेव्हाडा ब्रूअरीची पेल एल 1980 ची, आणि मधे 1978 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर बनवायला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली. घरच्या भांड्यात प्रयोग करणारी ही मंडळीच पुढे ब्रूअरी काढून बसली आणि कडू आयपीएचं राज्य आलं.

आता गढूळ आयपीए. इथे मला थोडं रेंगाळायचंय कारण सगळ्यात जास्त केमिस्ट्री इथेच आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या द अल्केमिस्ट ब्रूअरीची हेडी टॉपर 2004 ची, 2011 मध्ये ती कॅनमध्ये आली, आणि कॅनवर "कॅनमधूनच प्या" असं छापलेलं. ग्लासात ओतली तर संत्र्याच्या रसासारखी धुरकट. तोपर्यंत गढूळ आयपीए म्हणजे काहीतरी बिघडलं असं समजायचे, आणि इथे लोक त्यासाठी रांगा लावत होते! 2018 पर्यंत अमेरिकेच्या ब्रूअर्स असोसिएशनने हेझी, म्हणजे गढूळ, आयपीएला अधिकृत प्रकार म्हणून जागा दिली आणि त्याच वर्षी ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये सगळ्यात जास्त एन्ट्र्या याच प्रकारात होत्या.

झालं काय, तर हॉप्स उकळायचे ते जवळजवळ बंद केले आणि थंड झालेल्या, आंबणाऱ्या बिअरमध्ये ढीगभर टाकायला लागले. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. उकळलंच नाही तर आयसो-अल्फा बनत नाही, म्हणजे कडूपणा कमी, आणि वासाची तेलं वाफेबरोबर उडूनही जात नाहीत. सोबत ओट्स आणि गहू, त्यांच्या प्रथिनांना हॉप्समधले पॉलिफेनॉल चिकटतात आणि त्या कणांचा धुरकटपणा टिकून राहतो. पाण्यात क्लोराइड जास्त आणि सल्फेट कमी ठेवलं की तोंडात मऊ, गोलसर वाटते, उलट केलं की कोरडी आणि टोकदार. तेच हॉप्स, तेच माल्ट, आणि पाण्यातल्या क्षारांनी बिअर वेगळीच वाटते, हे मला आजही जादूसारखं वाटतं.

आणि यीस्ट नुसतं साखर खाऊन अल्कोहोल करत नाही बरं का. हॉप्समधलं गुलाबासारख्या वासाचं जेरॅनिऑल ते सिट्रोनेलॉलमध्ये बदलतं, म्हणजे लिंबूवर्गी वासाकडे नेतं. थायॉल नावाचे गंधकाचे रेणू तर अजून भारी, पॅशनफ्रूट, पेरू, ग्रेपफ्रूट हे सगळे वास त्यांचे. हॉप्स आणि माल्टमध्ये ते दुसऱ्या रेणूला बांधलेले असतात, तेव्हा त्यांना वासच नसतो, यीस्टचं एन्झाइम ती गाठ सोडवतं. त्यातले काही थायॉल इतके तीव्र की लिटरमागे एक-दोन नॅनोग्रॅम पुरतात. ऑलिम्पिकच्या स्विमिंग पूलमध्ये एक थेंब टाकला तर लिटरमागे साधारण 20 नॅनोग्रॅम होतात, म्हणजे तो थेंबसुद्धा नाकाला जास्तच! प्रमाण चुकलं की मात्र त्याच रेणूला मांजराच्या मुताचा वास येतो. 2018 मध्ये बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी पुदिना आणि तुळशीच्या कुळातल्या बेसिलचे जीन यीस्टमध्ये घातले, त्या यीस्टने हॉप्सच्या वासाचे रेणू स्वतःच बनवले आणि चाखणाऱ्यांना ती बिअर नेहमीच्या ड्राय हॉप केलेल्या बिअरपेक्षाही जास्त हॉपी वाटली.

इथे खरा मुद्दा असा की कडू हा जिभेचा खेळ होता आणि गढूळ आयपीए हा नाकाचा. घोट गिळला की वास घशाच्या मागून नाकात चढतो आणि मेंदू तो "चव" म्हणून नोंदवतो. नाक चिमटीत धरून हेझी आयपीए पिऊन बघा, आंबाबिंबा सगळं गायब होतं आणि उरतं ते जरा तुरट, गोडसर काहीतरी. म्हणून ज्यांना कडू अजिबात चालत नव्हतं अशी खूप माणसं या दारातून आत आली, जिभेला शिकवायची गरजच उरली नाही.

तोटा एकच, ही बिअर फार नाजूक. ऑक्सिजन जरा जास्त शिरला की काही आठवड्यांत रंग करडा-तपकिरी आणि वास ओल्या पुठ्ठ्याकडे. उजेडाचं वेगळंच, निळा आणि अतिनील प्रकाश आयसो-अल्फा अ‍ॅसिड फोडतो आणि त्यातून जो थायॉल बनतो त्याचा स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा घाण वास येतो, हिरव्या बाटलीतल्या बिअरला कधीकधी येतो तोच. म्हणून सगळे कॅनकडे वळले. अमेरिकेतली ऑस्कर ब्लूज ब्रूअरी 2002 मध्ये कॅनमध्ये बिअर भरायला लागली तेव्हा लोक नाक मुरडायचे, कॅन म्हणजे स्वस्तातला माल म्हणून.

आंबट बिअरबद्दल थोडक्यात. ब्रुसेल्सजवळची लँबिक हवेतल्या, लाकडातल्या यीस्ट-बॅक्टेरियांवर आंबते आणि वर्षानुवर्षं लाकडी पिंपात पडून राहते, तेवढा धीर नव्या ब्रूअरींकडे कुठला, म्हणून मग केटल सावर, लॅक्टोबॅसिलस नावाचे आंबवणारे बॅक्टेरिया घालून भांड्यातच एक-दोन दिवसांत आंबट. पण हॉप्सची अ‍ॅसिड्स लॅक्टोबॅसिलसला वाढू देत नाहीत म्हणून आधी आंबवायचं आणि हॉप्स नंतर. गोड स्टाउटमध्ये लॅक्टोज घालतात, ही साखर बिअरचं यीस्ट खाऊ शकत नाही म्हणून शेवटपर्यंत गोडच राहते. पहिला घोट अप्रतिम आणि अर्धा ग्लास झाला की पुरे. माझं वैयक्तिक मत, पण ही लाट ओसरली ते बरंच झालं.

मग लोक लागरकडे का परतले? वय झालं, पोट वाढलं, हे आहेच. पण तोच तो मोठा आवाज सतत ऐकून कान बधिर व्हावेत तसं नाकाचं होतं, सारखा एकच जोरदार वास आला की रिसेप्टर सिग्नल देणं कमी करतात. सलग तिसरी हेझी पहिलीसारखी लागत नाही ती त्यामुळे. आणि एकदा बारीक फरक कळायला लागले की साध्या बिअरमध्येही ऐकण्यासारखं बरंच सापडतं. लागरचं यीस्ट हे एलचं यीस्ट आणि थंडीत राहणारं एक रानटी यीस्ट यांचा संकर, त्या रानटी पालकाचा पत्ता 2011 मध्ये पॅटागोनियाच्या जंगलात लागला आणि 2022 मध्ये ते आयर्लंडमध्येही सापडलं. हे यीस्ट 10 अंशांच्या आसपास सावकाश काम करतं, फळांसारखे वास फारसे करत नाही, आणि मग बिअर आठवडेच्या आठवडे जवळजवळ शून्य अंशाला ठेवायची. त्यात लोण्यासारख्या वासाचा डायअ‍ॅसिटाइल जरा राहिला तरी लगेच कळतो. आयपीएमध्ये अशी चूक हॉप्सखाली झाकता येते, पिल्सनरमध्ये झाकायला काहीच नाही.

बिनअल्कोहोलवाल्या बिअरचीही अशीच पंचाईत आहे, अल्कोहोल गेलं की भरीवपणा जातो, थोडा गोडवा जातो आणि कच्च्या माल्टचा वास वर येतो, म्हणून आता माल्टोज (माल्टमधली मुख्य साखर) न खाणारी यीस्ट वापरून मुळात अल्कोहोलच कमी होऊ द्यायचं असंही करतात आणि वरून भरपूर ड्राय हॉपिंग.

सगळ्यात मजा मात्र कोल्ड आयपीएची. पोर्टलंडच्या वेफाइंडर ब्रूअरीमध्ये 2018 च्या सुमारास निघालेला प्रकार: आयपीएचे हॉप्स, लागरचं यीस्ट, आणि अंग हलकं करायला तांदूळ किंवा मका. होय, तोच तांदूळ आणि मका, ज्याच्या नावाने आम्ही सगळे मोठ्या कंपन्यांच्या लागरला शिव्या घालायचो. पहिल्यांदा प्यायलो तेव्हा स्वच्छ, कोरडी आणि चांगलीच कडू लागली, आणि मी दुसरी मागवली.