विंडोज सॉफ्टवेअरसाठी कोड सायनिंग प्रमाणपत्र: अर्ज, कागदपत्रं आणि बिल्डमधली सही

सॉफ्टवेअर कुणाचं आहे आणि ते वाटेत बदललेलं नाही, हे दाखवणारी डिजिटल सही करायला कोड सायनिंग प्रमाणपत्र लागतं. त्याच्या अर्जात कागदपत्रं मोजकीच लागतात. खरं अडतं ते 'प्रायव्हेट की (सही करणारी गुप्त किल्ली) कुठे ठेवणार?' या एका रकान्यापाशी, आणि तोच घाईत भरला जातो.

1 जून 2023 पासून ही की साध्या फाइलमध्ये मिळत नाही. ती फिप्स 140-2 लेव्हल 2 (अमेरिकी सरकारचं सुरक्षा मानक) किंवा त्या तोडीच्या हार्डवेअरमध्येच असावी लागते. म्हणजे यूएसबी टोकन, नाहीतर क्लाउड एचएसएम (की सांभाळणारं, इंटरनेटवरून वापरायचं सुरक्षित उपकरण). बिल्ड सर्व्हरने (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या मशीनने) आपोआप सही करायची असेल तर टोकनच्या वाटेला जाऊ नका. ते पिन मागतं, एकाच मशीनला अडकून राहतं, आणि भाड्याच्या सीआय रनरला (आपोआप बिल्ड करणाऱ्या दूरच्या मशीनला) ते खोचणार कुठे? अझ्युर की व्हॉल्ट प्रीमियमसारख्या सेवेत किमान 3072 बिटची आरएसए की तयार करा आणि सीएसआर (प्रमाणपत्रासाठीची विनंती-फाइल) तिथूनच काढा. प्रमाणपत्राचा प्रत्येक विक्रेता हे स्वीकारेलच असं नाही. पैसे भरण्याआधी विचारा.

पात्रता आणि कागदपत्रं

कंपनी किंवा एलएलपी असेल तर सर्टिफिकेट अथॉरिटी (प्रमाणपत्र देणारी संस्था) नाव-पत्ता एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) नोंदीशी ताडून पाहते. स्पेलिंग तंतोतंत तेच हवं. प्रोप्रायटरशिपला जीएसटी किंवा उद्यम नोंदणी मागू शकतात. व्यक्तीलाही अर्ज करता येतो. तिथे सरकारी फोटो ओळखपत्र आणि प्रत्यक्ष ओळख पडताळणी. शेवटी फोन येतो, तोही तुम्ही कळवलेल्या नव्हे तर स्वतंत्र नोंदीत सापडलेल्या नंबरवर. तो उचलणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

जीएसटी रिटर्न भरायला घेतलेलं डीएससी (डिजिटल सही प्रमाणपत्र) इथे चालत नाही. ईव्ही (जास्त कडक पडताळणीचं, महागडं प्रमाणपत्र) घेतलं की स्मार्टस्क्रीनचा, म्हणजे अनोळखी फाइलबद्दल विंडोज दाखवतं तो, इशारा लगेच जातो, हेही आता खरं नाही. कर्नल ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा प्रोग्राम) बनवत नसाल तर जादा खर्च टाळा. मुक्तस्रोत प्रकल्पांना साइनपाथ फाउंडेशनकडे मोफत सहीसाठी अर्ज करता येतो.

सही आणि टाइमस्टॅम्प

1 मार्च 2026 पासून नव्या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त 460 दिवस. टाइमस्टॅम्प (सही कधी झाली याची सर्व्हरने दिलेली नोंद) नसेल तर मुदत संपताच जुन्या इन्स्टॉलरवरची सहीही बाद होते; असेल तर टिकते.

साइनटूलमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या सही करायच्या कमांडमध्ये) टाइमस्टॅम्प सर्व्हरचा पत्ता द्यायला 'टीआर' पर्याय वापरा, जुना 'टी' नको. सोबत 'टीडी'ला, म्हणजे टाइमस्टॅम्पच्या हॅश पद्धतीला, एसएचए-256 द्या. आधी आतल्या ईएक्सई-डीएलएलवर सही, मग पॅकेजिंग, मग इन्स्टॉलरवर. टाइमस्टॅम्प सर्व्हर फुकट असतात आणि अधूनमधून गप्पही बसतात. म्हणून दोन-तीन पत्ते ठेवा, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा, पण प्रयत्नांना मर्यादा घाला. सही झाली आणि टाइमस्टॅम्पच चुकला तर पुन्हा सही नको. साइनटूलची 'टाइमस्टॅम्प' कमांड तेवढंच काम करते.

प्रकाशनाआधी साइनटूलच्या 'व्हेरिफाय' कमांडला 'पीए' आणि 'टीडब्ल्यू' हे पर्याय जोडून सही तपासा. टाइमस्टॅम्प नसल्यास 'टीडब्ल्यू' फक्त इशारा देतं आणि एक्झिट कोड (कमांड संपताना मिळणारा निकालाचा आकडा) 2 येतो. स्क्रिप्ट केवळ 1 लाच अपयश मानत असेल तर अशी फाइल निमूट बाहेर जाते. शून्याखेरीज काहीही आलं की बिल्ड थांबवा.