पाणटिवळा: काळ्या शेपटीचा की पट्टेरी शेपटीचा?

श्रावण सरता सरता ठाण्याच्या खाडीवर पाणटिवळ्यांचे पहिले थवे उतरतात. आश्विनापर्यंत ऐरोली, भांडुप, नेरुळच्या पाणथळींवर त्यांची संख्या शेकड्यांत जाते. उंच पाय, बुडाशी गुलाबी आणि टोकाकडे काळी होत जाणारी लांब चोच. हा काळ्या शेपटीचा पाणटिवळा, म्हणजे ब्लॅक-टेल्ड गॉडविट. मुंबईच्या पक्षिनिरीक्षकांना तो घरचाच वाटतो. आणि याच दिवसांत कुणाचा तरी फोटो येतो, खाली उत्साहाने लिहिलेलं असतं, “बार-टेल्ड मिळाला!”

बार-टेल्ड म्हणजे पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा. कच्छच्या आखातात, जामनगरच्या किनाऱ्यावर तो बऱ्यापैकी दिसतो. मुंबईच्या आसपास मात्र एखाद-दुसरा, आणि तोही खाडीपेक्षा अलिबागजवळच्या आक्षीसारख्या उघड्या, वाळूच्या किनाऱ्यावर भेटण्याची शक्यता जास्त. म्हणून त्याची नोंद मोलाची, आणि चुकीची नोंद तेवढीच त्रासाची. एकदा ती यादीत शिरली की पुढचे दहा जण तिच्या भरवशावर तसंच ओळखत सुटतात.

गंमत म्हणजे या चुकीला पुस्तकातला सर्वांत सोपा नियमच कारणीभूत असतो. काळ्या शेपटीवाल्याची पाठ एकरंगी, राखाडी-तपकिरी. पट्टेरीवाल्याची पाठ कोरल, म्हणजे कर्ल्यू पक्ष्यासारखी रेघारेघांची. हे खरं आहे, पण डिसेंबरात. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे उतरलेल्या थव्यात त्याच उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं असतात. काळ्या शेपटीच्या पिल्लाच्या पाठीवरची पिसं मधे गडद आणि कडेला फिकट बदामी असतात, त्यामुळे पाठ खवलेदार दिसते. मानेवर नारिंगी झाक असते. प्रौढांतही काहींच्या अंगावर विणीच्या हंगामातली तांबूस पिसं ठिगळांसारखी उरलेली असतात. एकरंगी राखाडी पाठीची सवय झालेल्या डोळ्याला हा पक्षी वेगळा वाटतो, आणि वेगळा म्हणजे दुर्मीळ असं मन पटकन ठरवून टाकतं. शरदात पाठीवर विसंबू नका, एवढं एक जरी लक्षात राहिलं तरी निम्म्या चुका टळतील.

चोचीचंही तेच. पट्टेरीवाल्याची चोच टोकाकडे किंचित वर वळलेली, दुसऱ्याची जवळजवळ सरळ. पण मान कलती असली, चोचीच्या टोकाला चिखलाचा गोळा चिकटला असला, की सरळ चोचही वळलेली भासते. शिवाय दोन्ही जातींत मादीची चोच नरापेक्षा लांब, त्यामुळे लांबीवरून काहीच ठरत नाही. आकारमानातला फरकही इतका थोडा, की शेजारी शेजारी उभे नसले तर तो कामाचा नाही.

मी आधी पाय बघायला शिकले आणि तेव्हापासून बराच गोंधळ संपला. पक्ष्याच्या पायात मधे जो सांधा दिसतो त्याला आपण गुडघा म्हणतो. खरं तर तो घोटा. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. या सांध्याच्या वरचा उघडा भाग बघायचा. काळ्या शेपटीवाल्याचा तो भाग चांगला लांब असतो, त्यामुळे पक्षी काठ्यांवर चढवल्यासारखा उंच दिसतो. पट्टेरीवाल्याचा आखूड, म्हणून तो बसका, पोट जमिनीच्या जवळ आल्यासारखा वाटतो. हे बघताना पक्षी कोरड्यावर किंवा अगदी उथळ पाण्यात हवा. पोटापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या पक्ष्याच्या पायांवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि तो पोटापर्यंत पाण्यात उभा आहे, हीसुद्धा एक खूणच. काळ्या शेपटीचा पाणटिवळा खोल पाण्यात शिरतो, चोच बुडाशी खुपसतो, पुष्कळदा डोकंही पाण्याखाली जातं. थवा दाटीवाटीने एकाच जागी काम करत राहतो. खाडीतला मऊ चिखल त्याला मानवतो. पट्टेरीवाला वाळूवरचा पक्षी. आक्षीला एका ओहोटीत तो मला दिसला तेव्हा आधी लक्ष वेधलं ते त्याच्या चालीने. लाट मागे सरली की तो तिच्या पाठोपाठ तुरुतुरु धावे, ओल्या चकचकीत वाळूत चोच डोळ्यांपर्यंत रुतवी, क्षणभर थांबे, अंग थोडं तिरकं करी आणि चोचीच्या टोकाशी लांब किडा ओढून काढी. जाळं झटकत जवळून गेलेल्या मामांनी विचारलं, “काय बघताय ताई एवढं?” दुर्बीण त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, “हा एकटाच दिसतोय.” तेही खरंच होतं. आजूबाजूला चिखल्ये (प्लोव्हर पक्षी) होते, त्याच्या जातीचा दुसरा कुणी नव्हता.

ही चोच वाळूत बंद असतानाही टोकाशी उघडू शकते. टोकात स्पर्शाची जाण इतकी सूक्ष्म असते की भक्ष्य डोळ्यांना दिसावं लागत नाही. हे कसब दोघांकडेही आहे.

निकाल लागतो तो उडताना. काळ्या शेपटीवाल्याने पंख उघडले की प्रत्येक पंखावर रुंद पांढरा पट्टा झळकतो, कंबर पांढरी, शेपटी ठार काळी, आणि पाय शेपटीच्या मागे बरेच बाहेर. चुकायला जागाच नाही. पट्टेरीवाल्याच्या पंखावर असा पट्टा नसतो; पंख वरून एकसारखा तपकिरी, शेपटीवर बारीक आडवे पट्टे, कमरेचा पांढरा रंग पाठीवर निमुळता होत चढलेला, आणि पाय शेपटीबाहेर जेमतेम डोकावणारे.

त्यासाठी पक्षी उठवू नका, ही कळकळीची विनंती. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला खाण्यासाठी दोन भरत्यांच्या मधलाच वेळ मिळतो. काळ्या शेपटीवाले आपल्याकडे येतात ते उत्तरेच्या ओल्या गवताळ कुरणांतून, पट्टेरीवाले त्याहून वर, आर्क्टिकच्या टुंड्रातून. याच पट्टेरी जातीच्या अलास्कात जन्मलेल्या, जेमतेम पाच महिन्यांच्या एका पिल्लाने ऑक्टोबर 2022 मध्ये तिथून टास्मानियापर्यंत सुमारे 13,560 किलोमीटरचं अंतर 11 दिवसांत, मधे कुठेही न उतरता पार केलं. ही नोंद त्याच्या अंगावरच्या उपग्रह ट्रान्समीटरमुळे झाली. निघण्यापूर्वी हे पक्षी चरबी साठवतात आणि आतडी, जठर आक्रसून वजन घटवतात. आपल्या किनाऱ्यावरचे पट्टेरी पाणटिवळे अलास्कातले नव्हेत, सायबेरियाकडचे. पण शरीर त्याच घडणीचं. दोन्ही जाती आज जागतिक यादीत संकटाच्या उंबरठ्यावर आहेत, त्या उतरतात ती पाणथळ जमीन आक्रसत चालल्यामुळेही. ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, पण पक्षी सीमारेषा बघून उतरत नाहीत. भरतीला ते आसपासच्या ज्या तळ्यांवर विसावतात, त्यांतली बरीचशी या कुंपणाबाहेर आहेत.

पक्षी आपणहून उडतील अशी वेळ मात्र गाठता येते. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास उधाण येतं. सर्वपित्रीच्या दिवशी साडेनऊ-दहालाच खाडीच्या कडेला जाऊन बसा. पाणी चढत जाईल तसा चिखल बुडतो आणि थवे मागे मागे सरकत शेवटी उठतातच. कॅमेऱ्याचा शटर वेग चढा ठेवा आणि उठणाऱ्या थव्यावर धरा. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत पाणी एवढं चढत नाही, तेव्हा हा बेत फसतो.

आणि पंख दिसलेच नाहीत तर? ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जात न ठरवता नुसतं गॉडविट म्हणून लिहिता येतं. तसं लिहावं.

गेल्या खेपेला खवलेदार पाठीचा जो फोटो मला आला होता, त्यावर मी एवढंच विचारलं, “उडतानाचा आहे का?” अर्ध्या तासाने दुसरा फोटो आला. जरा हललेला, कोपऱ्यात अर्धवट कापलेला. पण पंखावरचा पांढरा पट्टा स्वच्छ दिसत होता.