अल्जियर्समार्गे पॅरिस : फ्रान्समधील ज्यूद्वेष, मुस्लिमद्वेष आणि अतिउजवे राजकारण

हमासचा इस्रायलवरील हल्ला आणि त्यामागोमाग सुरू झालेले गाझातील युद्ध यांना महिना उलटून गेला असताना, १२ नोव्हेंबर २०२३ रोजी पॅरिसमध्ये ज्यूद्वेषाविरुद्ध मोठा मोर्चा निघाला. संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षांनी त्याची हाक दिली होती आणि पोलिसांच्या मोजदादीनुसार त्यात १ लाख ५ हजार लोक सहभागी झाले. राष्ट्राध्यक्ष माक्राँ आले नाहीत, मेलाँशाँ यांच्या डाव्या पक्षाने बहिष्कार घातला. मात्र मोर्चाच्या शेवटच्या टोकाला मरीन ल पेन आणि जॉर्दां बार्देला हे ‘नॅशनल रॅली’ या अतिउजव्या पक्षाचे नेते चालत होते, आणि त्यांच्या उपस्थितीचा निषेध करण्यासाठी डाव्या विचारांच्या तरुण ज्यूंचा एक गटही आला होता. आठवडाभर आधीच बार्देला यांनी दूरचित्रवाणीवर, पक्षाचे संस्थापक आणि मरीन यांचे वडील जाँ-मारी ल पेन हे ज्यूद्वेष्टे होते असे आपल्याला वाटत नाही, असे सांगितले होते. गॅस चेंबर हा दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासातील निव्वळ एक ‘तपशील’ होता या १९८७ मधील उद्गाराबद्दल फ्रेंच न्यायालयांनी ज्यांना दोषी ठरवले, त्याच गृहस्थांविषयी हे विधान होते.

हा पक्ष त्या मोर्चात कसा पोहोचला, याचे सोपे उत्तर ‘मतांसाठी’ असे दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. फ्रान्समधील ज्यूद्वेषाची कहाणी सामान्यतः एका ज्यू सेनाधिकाऱ्यावरील खोट्या आरोपाच्या ड्रेफस प्रकरणापासून दुसऱ्या महायुद्धातील नाझीधार्जिण्या विशी राजवटीपर्यंत सांगितली जाते आणि मुस्लिमद्वेषाची कहाणी १९८० नंतरच्या स्थलांतरितांपासून सुरू केली जाते, त्यामुळे हे दोन निरनिराळ्या काळांचे निरनिराळे आजार असावेत असे वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन कहाण्यांना जोडणारा रस्ता अल्जीरियातून जातो, आणि तो वगळला की आजचे चित्र अर्धेच दिसते.

राज्यक्रांतीनंतर २७ सप्टेंबर १७९१ रोजी फ्रान्सने आपल्या सर्व ज्यूंना नागरिकत्व दिले. त्यामागचा विचार दोन वर्षांपूर्वी क्लेर्माँ-तोनेर या प्रतिनिधीने सभागृहात मांडला होता : ज्यूंना स्वतंत्र राष्ट्र म्हणून काहीही देऊ नये, व्यक्ती म्हणून सर्व काही द्यावे. उदार वाटणाऱ्या या सूत्राच्या पोटात एक अट होती, समाज म्हणून असलेले वेगळेपण सोडण्याची, आणि ती अट पुढे प्रत्येक अल्पसंख्याक समाजापुढे नव्याने ठेवली गेली. अल्जीरियाचा ताबा घेण्यास फ्रान्सने १८३० मध्ये सुरुवात केली, तेव्हा तेथे मुस्लिम आणि ज्यू असे दोन्ही समाज होते. १८६५ च्या कायद्याने दोघांनाही फ्रान्सचे प्रजाजन ठरवले. नागरिक व्हायचे असेल, तर विवाह, वारसा इत्यादी बाबतींतील आपला धार्मिक व्यक्तिगत कायदा सोडून अर्ज करावा, असे त्यात म्हटले होते. फारच थोड्यांनी अर्ज केले.

२४ ऑक्टोबर १८७० रोजी न्यायमंत्री अदोल्फ क्रेमिए यांनी काढलेल्या हुकुमाने अल्जीरियातील सुमारे ३५ हजार ज्यू एका फटक्यात फ्रेंच नागरिक झाले. मुस्लिम बहुसंख्य समाज मात्र प्रजाजनच राहिला, आणि १८८१ पासून त्याच्यावर ‘अँदिजेना’ म्हणजे एतद्देशीयांसाठीची वेगळी दंडसंहिता लादली गेली, जिच्यात नागरिकांना गुन्हा न ठरणाऱ्या गोष्टींसाठीही शिक्षा होती. शतकानुशतके शेजारी राहिलेल्या दोन समाजांमध्ये सरकारी कागदाने घातलेली ही भिंत होती. स्वतः क्रेमिए ज्यू होते, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनी कधी विसरू दिली नाही. १८७१ मध्ये मोक्रानी या स्थानिक मुस्लिम सरदाराच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला, तेव्हा जमिनी हिरावल्या जाणे, दुष्काळ आणि वसाहतवाल्यांची वाढती सत्ता ही खरी कारणे बाजूला सारून, ज्यूंना नागरिकत्व दिल्यामुळे मुस्लिम भडकले, असा प्रचार युरोपीय वसाहतवाल्यांनी चालवला. मुस्लिमांना काहीही न देता त्यांच्या अपमानाचा दाखला ज्यूंविरुद्ध वापरण्याची ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

येथे शब्दाविषयी थोडे सांगणे इष्ट आहे. ‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द १८७९ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मार याने प्रचारात आणला. अरबी हीदेखील सेमिटिक भाषाच आहे, म्हणून अरबांविषयीचा द्वेषही या शब्दात येतो असा युक्तिवाद वादविवादांत अधूनमधून ऐकू येतो. पण मारच्या डोळ्यांपुढे फक्त ज्यू होते, आणि धार्मिक वाटणाऱ्या जुन्या तिरस्काराला वंशशास्त्राचा मुलामा चढवणे हाच त्याचा हेतू होता. म्हणून मराठीत ‘ज्यूद्वेष’ हा साधा शब्दच अधिक नेमका आहे.

फ्रान्समध्ये हा नवा, छापील, राजकीय ज्यूद्वेष एदुआर द्रुमाँ या पत्रकाराने घरोघर नेला. १८८६ मधील त्याच्या जाडजूड दोन खंडी पुस्तकाच्या आवृत्तींमागून आवृत्ती निघाल्या, आणि १८९२ मध्ये सुरू केलेल्या त्याच्या वृत्तपत्राचे ब्रीद होते ‘फ्रान्स फ्रेंचांसाठी’. १८९४ मध्ये कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू सेनाधिकाऱ्याला जर्मनीसाठी हेरगिरी केल्याच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. १३ जानेवारी १८९८ रोजी कादंबरीकार एमिल झोला यांचे, ड्रेफसची बाजू घेऊन राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र प्रसिद्ध झाले, आणि देश दोन तटांत विभागला गेला. हा भाग सर्वपरिचित आहे. पत्रानंतरच्या दंगलींतील सर्वांत भीषण दंगल पॅरिसमध्ये नव्हे तर अल्जियर्समध्ये झाली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत अल्जियर्सच्या मतदारांनी द्रुमाँला संसदेत पाठवले. अल्जीरियाच्या सहा जागांपैकी चार उघड ज्यूद्वेष्ट्या उमेदवारांनी जिंकल्या आणि दंगलींचा म्होरक्या माक्स रेजी शहराचा महापौर झाला. मुस्लिमांना मताधिकार नव्हताच. हे सारे मतदार युरोपीय होते. तथापि ज्यूंवरील हिंसा केवळ युरोपीयांनी केली, असेही नाही. ऑगस्ट १९३४ मध्ये कॉन्स्तांतीन शहरात मुस्लिम जमावाच्या हल्ल्यांत २५ ज्यू मारले गेले, आणि पोलीस व सैन्य बराच वेळ हात बांधून उभे राहिले.

१९४० मध्ये जर्मनीपुढे शरणागती पत्करल्यानंतर स्थापन झालेल्या विशी राजवटीने ३ ऑक्टोबर रोजी ज्यूंना सरकारी नोकऱ्या आणि अनेक व्यवसाय यांतून हटवणारा कायदा केला, आणि चारच दिवसांनी क्रेमिए यांचा हुकूम रद्द केला. सत्तर वर्षे, म्हणजे तीन पिढ्या फ्रेंच असलेली माणसे पुन्हा प्रजाजन झाली. पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेले जाक देरिदा यांना १९४२ मध्ये बालवयात अल्जियर्सजवळच्या शाळेतून काढण्यात आले, ते याच धोरणामुळे. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकी सैन्य अल्जीरियात उतरले, तरीही ज्यूंना नागरिकत्व परत मिळायला ऑक्टोबर १९४३ उजाडावा लागला. इकडे मुख्य भूमीवर १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी फ्रेंच पोलिसांनी पॅरिस परिसरातून सुमारे १३ हजार ज्यूंना पकडले, आणि त्यांतील मुलाबाळांच्या कुटुंबांना वेलोद्रोम दिवेर या सायकल शर्यतींच्या बंदिस्त मैदानात कोंडले. युद्धकाळात फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यू छळछावण्यांकडे पाठवले गेले. त्यांतले काही हजारच परतले.

याच मैदानाचा दुसरा उपयोग कमी लोकांना माहीत आहे. अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना, ऑगस्ट १९५८ च्या अखेरीस, पॅरिसच्या पोलिसांनी हजारो अल्जीरियन मुस्लिमांची धरपकड केली आणि त्यांतील अनेकांना त्याच वेलोद्रोममध्ये डांबले. पोलीसप्रमुख होते मोरिस पापाँ. विशी काळात बोर्दो येथील प्रशासनात वरिष्ठ पदावर असताना ज्यूंच्या हद्दपारीच्या आदेशांवर यांच्याच सह्या होत्या. त्यांच्याच कारकिर्दीत १७ ऑक्टोबर १९६१ रोजी, अल्जीरियनांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध निघालेल्या शांततापूर्ण मोर्चावर पोलिसांनी हल्ला केला, ११ हजारांहून अधिक लोकांना अटक केली आणि कित्येकांची प्रेते सीन नदीत फेकली. मृतांचा आकडा इतिहासकार काही डझनांपासून शंभरावर असा निरनिराळा सांगतात. पापाँ पुढे मंत्रीही झाले. त्यांना १९९८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, ती ज्यूंच्या हद्दपारीतील सहभागाबद्दल. १९६१ च्या रात्रीबद्दल कोणालाही कधी शिक्षा झाली नाही.

१९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि सुमारे दहा लाख युरोपीय वसाहतवाले व ज्यू फ्रान्समध्ये आले. कामगार म्हणून येणाऱ्या अल्जीरियन मुस्लिमांचा ओघ आधीपासूनच चालू होता. परिणामी पॅरिसमधील बेलव्हिल किंवा उपनगरातील सार्सेल यांसारख्या वस्त्यांत उत्तर आफ्रिकेतील ज्यू आणि मुस्लिम पुन्हा शेजारी आले. फरक इतकाच की एकाच्या खिशात फ्रेंच पासपोर्ट होता आणि दुसऱ्याच्या खिशात कामाचा परवाना.

५ ऑक्टोबर १९७२ रोजी स्थापन झालेल्या ‘नॅशनल फ्रंट’मध्ये (नॅशनल रॅलीचे हे आधीचे नाव) या इतिहासातील दोन पराभूत तट एकत्र आले. पक्षाचा पहिला खजिनदार पिएर बुस्के हिटलरच्या वाफेन-एसएस या नाझी लष्करी दलात लढलेला होता. दुसरा एक संस्थापक रोजे ओलँद्र हा ‘फ्रेंच अल्जीरिया’ टिकवण्यासाठी बॉम्बस्फोट करणाऱ्या ओएएस या गुप्त संघटनेतला होता. आणि अध्यक्ष जाँ-मारी ल पेन स्वतः १९५७ मध्ये छत्रीधारी सैनिक म्हणून अल्जियर्समध्ये होते. ज्यूद्वेष ही विशीकडून आलेली शिदोरी होती, तर अरबांविषयीचा राग अल्जीरिया गमावल्याच्या जखमेतून आला होता. पहिल्याने फारशी मते मिळत नव्हती, दुसऱ्याने मिळू लागली. १९७८ मधील पक्षाचे भित्तिपत्रक सांगत होते की दहा लाख बेकार म्हणजेच दहा लाख जास्तीचे परदेशी. १९८३ मध्ये द्रो या लहान शहराच्या निवडणुकीत पक्षाला पहिले लक्षणीय यश मिळाले आणि १९८४ मध्ये युरोपीय संसदेसाठी सुमारे ११ टक्के मते मिळाली. अल्जीरियातून आलेल्या वसाहतवाल्यांची वस्ती असलेला दक्षिण किनारा हा बालेकिल्ला खरा, परंतु बंद पडलेल्या गिरण्या-खाणींचा उत्तर फ्रान्सही पुढे या पक्षामागे गेला, त्यामुळे सगळे अल्जीरियावर ढकलून चालत नाही.

जानेवारी २०११ मध्ये पक्ष हाती घेतल्यावर मरीन ल पेन यांनी वडिलांची ज्यूंविषयीची भाषा पद्धतशीरपणे बंद केली, २०१५ मध्ये वडिलांनाच पक्षाबाहेर काढले आणि २०१८ मध्ये पक्षाचे नाव बदलले. १९०५ च्या धर्म-राज्य विभक्ततेच्या कायद्याशी कॅथलिक परंपरावाद्यांचे कधी जमले नव्हते. आता तोच धर्मनिरपेक्षतेचा झेंडा इस्लामविरुद्ध उभारण्यात आला. १९८९ मध्ये क्रेय येथील तीन शाळकरी मुलींच्या डोक्यावरील रुमालापासून सुरू झालेला वाद २००४ मध्ये शाळांतील ठळक धार्मिक चिन्हांवरील बंदीपर्यंत पोहोचला होताच, आणि त्यात मध्यममार्गी उजव्यांचा व अनेक डाव्यांचाही हात होता. डिसेंबर २०१० मध्ये ल्यों येथे मरीन ल पेन यांनी रस्त्यावरील नमाजाची तुलना ‘ताब्या’शी केली, जर्मन ताब्यासाठी फ्रेंचांत रूढ असलेला तोच शब्द होता. एका वाक्यात मुस्लिम नाझींच्या जागी बसले आणि पक्ष प्रतिकार करणाऱ्यांच्या.

हा दावा पुष्कळ ज्यूंना पटू लागला, याचे कारण पक्षाच्या चातुर्यापलीकडचे आहे. २०१२ मध्ये तुलूझच्या ज्यू शाळेत तीन मुले आणि एक शिक्षक यांची हत्या झाली, जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या कोशर (ज्यू धर्मनियमांनुसारचे खाद्यपदार्थ विकणाऱ्या) दुकानात चौघांना ठार करण्यात आले. मारेकरी जिहादी होते. ज्यूंवरील हल्ले व अपमान यांच्या नोंदी २०२२ मध्ये ४३६ होत्या, त्या २०२३ मध्ये १,६७६ झाल्या. जे डावे या वास्तवाविषयी बोलताना अडखळतात, ते ल पेन यांचे काम सोपे करतात. दुसऱ्या बाजूला मुस्लिमविरोधी घटनांचे सरकारी आकडे शेकड्यांत राहतात, कारण तक्रार करायला जाणारेच कमी. एप्रिल २०२५ मध्ये दक्षिणेतील ला ग्राँ-कोंब गावच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या तरुणाचा भोसकून खून झाला, तेव्हा कुठे या नोंदींकडे लक्ष गेले.

पण पक्षाचा प्रत्यक्ष कार्यक्रम पाहिला की १७९१ ची अट पुन्हा भेटते. २०१२ मध्ये मरीन ल पेन यांनी सार्वजनिक ठिकाणी हिजाबबरोबरच ज्यूंच्या किप्पा टोपीवरही बंदी सुचवली आणि समानतेसाठी ज्यूंनी हा लहानसा त्याग करावा असे सांगितले. २०१७ मध्ये युरोपीय संघाबाहेरील देशांचे दुहेरी नागरिकत्व रद्द करण्याच्या प्रस्तावात इस्रायलही धरला होता. वेलोद्रोमच्या धरपकडीस फ्रान्स जबाबदार नाही, हेही त्यांनी त्याच वर्षी म्हटले, राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी १९९५ मध्ये राष्ट्राच्या वतीने ती जबाबदारी स्वीकारल्यानंतरही. असे असूनही नाझींचा पाठलाग करण्यात हयात घालवलेले सेर्ज क्लार्सफेल्ड यांनी जून २०२४ मध्ये, कडवे डावे आणि नॅशनल रॅली यांत निवड करावी लागली तर आपण नॅशनल रॅलीला मत देऊ, असे जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये इस्रायल सरकारने ज्यूद्वेषावरील जेरुसलेमच्या परिषदेला बार्देला यांना बोलावले, तेव्हा फ्रेंच ज्यू तत्त्वज्ञ बेर्नार-आंरी लेव्ही आणि ब्रिटनचे मुख्य रब्बी यांनी आपले नाव काढून घेतले.

जाँ-मारी ल पेन ७ जानेवारी २०२५ रोजी वारले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला फ्रेंच लोकसभेने नॅशनल रॅलीने मांडलेला ठराव पहिल्यांदाच संमत केला, १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताच्या फरकाने. ठराव होता तो अल्जीरियन नागरिकांना फ्रान्समध्ये येण्या-राहण्याच्या खास सवलती देणारा १९६८ चा करार मोडण्याचा.