दोघांकडं लायसन्स आहे म्हणून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची अदलाबदल करता येते का? कोल्हापुरातली सगळी प्रोसेस

रंकाळ्यावर भेळ खाता खाता मित्र म्हणाला, "भावा, तुझ्याकडं लायसन्स, माझ्याकडं लायसन्स. तुला पिस्तूल पायजे, मला रिव्हॉल्व्हर. मग अडचण कुठं हाय? रविवारी ये घरी, वरचे दहा-वीस हजार काय ते बघू." मोबाईल बदलून घ्यावा तसं. आणि खरं सांगतो, मलाही तेव्हा त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं, कारण दोघंही कायदेशीर, दोन्ही गन कायदेशीर, पैसे पण बँकेतनंच जाणार होते. पण तसं होत नाही. तसं केलं असतं तर दोघंही आत गेलो असतो.

लायसन्स म्हणजे "याला गन ठेवता येते" असं सरसकट सर्टिफिकेट नसतं, तर "याला ह्या नंबरची, ह्या बोअरची (म्हणजे नळीच्या मापाची), ही गन ठेवता येते" असं असतं. माझ्या लायसन्सवर माझ्या रिव्हॉल्व्हरचा नंबर आहे, मित्राचं पिस्तूल माझ्या कपाटात सापडलं तर माझ्यासाठी ते विनापरवानाच. विनापरवाना बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षं, आणि बेकायदा विक्री-हस्तांतराला तर कमीत कमी ७ वर्षं ते जन्मठेप. गावठी कट्टा विकणाऱ्याला लागतं तेच कलम, हे लई जणांना माहितीच नसतं.

मग रस्ता काय? आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ५ बघा. स्वतःच्या वापरासाठी घेतलेली गन विकायला डीलरचं लायसन्स लागत नाही, पण ज्याला द्यायची त्याला ती ठेवायचा हक्क पाहिजे आणि विकणाऱ्यानं आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस स्टेशनच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं की अमुक नंबरची गन अमुक माणसाला देणार आहे, त्याचं नाव, पत्ता सगळं. आणि कळवल्यावर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. ४५ दिवसांच्या आत गन हातातनं हातात गेली की संपलं, मग तुमचं पत्र कितीही व्यवस्थित असो. हे कायद्यातलं झालं. प्रत्यक्षात ४५ दिवस झाले म्हणून कुणी गन उचलून देत नाही, परवानगीचं पत्र हातात पडेपर्यंत थांबतात आणि तेच शहाणपणाचं, कारण घेणाऱ्याच्या लायसन्सवर नोंद शेवटी त्याच टेबलावर व्हायची आहे.

आपल्याकडं हे टेबल म्हणजे नागाळा पार्कातलं जिल्हाधिकारी कार्यालय, तिथली गृह शाखा. पुण्यात पोलीस आयुक्तालय आहे म्हणून शहरातलं लायसन्स पोलीस आयुक्त देतात, ते ऐकून आपल्यातले बरेच जण आधी कसबा बावडा रोडला एसपी ऑफिसला फाईल घेऊन जातात आणि परत येतात. कोल्हापूरला आयुक्तालय नाही, त्यामुळं लायसन्स देणारे जिल्हाधिकारीच, म्हणजे वर सांगितलेले जिल्हा दंडाधिकारी, पोलिसांकडनं फक्त रिपोर्ट जातो. फक्त म्हणायचं, पण सगळं त्या रिपोर्टवरच असतं.

ज्यांच्याकडं अजून लायसन्सच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. वय २१ पूर्ण पाहिजे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर शिक्षा संपल्यावर पुढची ५ वर्षं नाव काढायचं नाही, चांगल्या वर्तणुकीचा बाँड चालू असेल तरी नाही, मानसिक तब्येत ठीक पाहिजे. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, एनडीएएल-एलिस नावाच्या केंद्राच्या पोर्टलवर भरायचा आणि प्रिंट काढून कागदं जोडून द्यायची. कागदं म्हणजे पासपोर्ट साईज फोटो, आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, राहण्याचा पुरावा, डॉक्टरचं सर्टिफिकेट ज्यात मानसिक-शारीरिक तब्येत आणि नशेची सवय नाही असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, शस्त्र सुरक्षिततेच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आणि गन कुलपात ठेवीन असं हमीपत्र. बाकी इन्कम टॅक्स रिटर्न, सातबारा, धंद्याचं लायसन्स हे कारणाप्रमाणं जोडा.

आणि कारण हाच खरा मुद्दा. "आवड आहे" हे कारण चालत नाही. गुजरीतला सराफ, हुपरीचा चांदीवाला, रोकड घेऊन फिरणारा व्यापारी, कुणाकडनं धमकी आलेला माणूस, यांचं कारण कागदावर दिसतं. सैनिक टाकळीसारख्या गावातले रिटायर्ड फौजी सिक्युरिटीच्या नोकरीसाठी बारा बोअर मागतात, तेही समजतं. पण "संरक्षणासाठी" एवढा एकच शब्द लिहून दिलेला अर्ज मी स्वतः परत आलेला बघितलाय. धमकी असेल तर तक्रारीची प्रत लावा, रोकडीचा धंदा असेल तर बँकेचं स्टेटमेंट लावा, तोंडानं सांगून कोण ऐकत नाही. नंतर बीट अंमलदार गल्लीत येतो, शेजाऱ्याला विचारतो, भांडणं आहेत का, दारू पितो का. नियमात पोलिसांना रिपोर्टसाठी ३० दिवस आणि रिपोर्ट आल्यावर निर्णयासाठी ६० दिवस दिलेत. उशीर झाला तर लेखी स्मरणपत्र द्या आणि पोच घ्या. अर्ज नामंजूर झाला तर पुण्याला विभागीय आयुक्तांकडं अपील करता येतं, कारणाची प्रत मागून घ्या.

शूटिंगवाल्या पोरांचा विषय वेगळा आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ आणलं आणि दुधाळीच्या रेंजवर पालकांची गर्दी वाढली, प्रत्येकाचा पहिला प्रश्न लायसन्सचाच. १० मीटरला वापरतात ते .१७७ चं एअर पिस्तूल, त्याला लायसन्स लागत नाही, दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद करतो. राही सरनोबत खेळते त्या २५ मीटरच्या पिस्तुलाला .२२ ची गोळी लागते, तिथनं पुढं मात्र लायसन्सचं राज्य सुरू. सुरुवातीची दोन-तीन वर्षं एअर पिस्तुलावरच काढा, पोराला गोडी आहे का कळतं तरी.

आता आमच्या अदलाबदलीकडं येतो. माझी रिव्हॉल्व्हर म्हणजे कानपूरची .३२, आबांची, म्हणजे वडिलांची. मित्राचं .३२ पिस्तूल, अशनी. दोन्हीवर .३२ लिहिलंय म्हणून गोळ्या एकच असतील असं समजू नका. रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग लागते, मागं कडा असलेली, आणि पिस्तुलाला .३२ एसीपी, जिला ७.६५ म्हणतात. रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांची, जड ट्रिगर, पण गोळी नाही उडाली तर परत ट्रिगर ओढला की पुढची गोळी येते, बिघडायला फारसं काही नाही. पिस्तूल चपटं, शर्टाखाली दिसत नाही, गोळ्या जास्त बसतात, पण स्लाईड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, ओढायला बोटात जोर पाहिजे आणि मॅगझिनची (गोळ्यांच्या डबीची) स्प्रिंग मेली की गोळी अडकते. आबांचा हात संधिवातानं गेल्यावर त्यांना मित्राच्या पिस्तुलाची स्लाईड अर्धीसुद्धा मागं येईना. म्हणून माझं मत विचाराल तर घरातल्या वयस्कर माणसासाठी रिव्हॉल्व्हर, बाकी शोभेचा वाद. २०१४ मध्ये आलेली निर्भीक नावाची रिव्हॉल्व्हर हलकी आहे, अर्धा किलोच्या आसपास, पण गन हलकी झाली की धक्का हाताला जास्त बसतो, हे विकत घेताना कोण सांगत नाही. ९ एमएमची हौस असेल तर सोडून द्या. सर्व्हिस ९ एमएम, .३८०, .४५५ हे प्रतिबंधित बोअर, त्याची परवानगी दिल्लीतनं येते, जिल्ह्यातनं नाही.

जुनी गन तपासायची ती डीलरच्या दुकानात, रिकामी करून, आर्मररच्या, म्हणजे गन दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हातून. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर (गोळ्या बसतात तो फिरता भाग) कुलूप झाल्यावर हलतो का, घोडा चढवल्यावर त्याचं भोक बॅरेलला बरोबर लागतं का, बॅरेलमध्ये गंजाचे खड्डे आहेत का, पिन घासलीय का. घरी हॉलमध्ये टीपॉयवर दोन गन ठेवून "बघ बघ, घे हातात" हे प्रकार बंद करा. रिपेअरला, रिन्यूअलला किंवा तुमच्याच वापरासाठी दुसऱ्या माणसानं तुमच्या समोर किंवा तुमच्या लेखी अधिकारानं गन नेली तर कायदा मुभा देतो, गप्पा मारताना फिरवायला देत नाही.

अदलाबदल म्हटलं तरी कागदावर ते दोन वेगळे व्यवहार. माझी त्याला, त्याची मला, दोन अर्ज, दोन वेळा ४५ दिवस, एकाच वेळी चालू शकतात पण एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणजे त्याचं मंजूर होऊन माझं अडकलं तर मी तोवर गनशिवाय. आणखी एक अट आहे, २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला जास्तीत जास्त दोनच गन, आधी तीन होत्या. मित्राकडं पिस्तूल आणि बारा बोअर अशा दोन आधीच होत्या, म्हणजे माझी रिव्हॉल्व्हर आत यायची तर पिस्तूल आधी त्याच्या लायसन्सवरनं बाहेर पडायला पाहिजे. तिसरी गोष्ट, माझ्या लायसन्सवर "रिव्हॉल्व्हर" लिहिलेलं, मला पिस्तूल पाहिजे, तर प्रकार बदलून घ्यायचा वेगळा अर्ज. घेणारा सांगली किंवा बेळगावचा असेल तर त्याच्या जिल्ह्याचं ना हरकत पत्र आणि त्याच्या लायसन्सचा एरिया त्याच्या राज्यापुरता आहे की ऑल इंडिया, ते बघून घ्या. इंपोर्ट केलेली, खासकरून शूटिंग कोट्यातनं आलेली गन असेल तर तिच्या विक्रीवर वेगळ्या अटी असतात, परमिटची प्रत बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. जुन्या विलायती गनचे भाव आभाळाला भिडलेत कारण नवीन इंपोर्ट सामान्य माणसाला बंद आहे.

अर्जाला काय काय लावलं ते सांगतो. दोघांच्या लायसन्सच्या सगळ्या पानांच्या प्रती, यूआयएन म्हणजे लायसन्सधारकाचा युनिक ओळख नंबर दिसला पाहिजे, यूआयएन नसलेलं लायसन्स आता चालत नाही. विक्रीचं कारण. दोघांचं संमतीपत्र. गनचा मेक, बोअर, नंबर. आणि ह्या नंबरातच मी माती खाल्ली. लायसन्सवरनं बघून टाईप केलं आणि ३ च्या जागी ८ झाला. चौकशीला गन नेली तेव्हा फ्रेमवर बघतात तर वेगळाच नंबर, भिंग आणलं, बॅटरी मारली, बाजूच्या दोघांनी येऊन वाचलं, आणि माझ्या पोटात गोळा. अर्ज परत, दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र, तारीख नव्यानं, म्हणजे ४५ दिवस पण नव्यानं. तेव्हापासनं सगळ्यांना सांगतो, नंबर कागदावरनं नको, गनवरनं उतरवा, दिवसाउजेडी, आणि दुसऱ्याकडनं वाचून घ्या.

वडिलांची गन नावावर करायची असेल तर विक्रीच्या भानगडीत पडू नका, वारसाचा रस्ता सोपा आहे. २०१६ च्या नियमांत २५ नंबरचा नियम आहे, लायसन्सधारक ७० वर्षांचा झाला किंवा गन २५ वर्षं त्याच्याकडं राहिली, जे आधी होईल ते, तेव्हा तो हयातीतच वारसाच्या नावानं द्यायला सांगू शकतो. बहीण-भावांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र घ्या, नंतर त्यावरनं भांडणं होतात. आबांनी तसंच केलं. आणि वडील गेल्यावर गन माळ्यावर तशीच राहिली असेल तर आजच पोलीस स्टेशनला किंवा डीलरकडं जमा करा आणि पावती घ्या, बारावं-तेरावं, वाटण्या होईपर्यंत थांबू नका, मेलेल्या माणसाच्या लायसन्सवर जिवंत माणूस गन ठेवू शकत नाही. चंदगड-आजऱ्याकडं शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकांचं असंच होतं, म्हातारा गेला की बंदूक वळचणीला आणि कागद ट्रंकेत.

निवडणूक लागली की शस्त्रं जमा करायच्या नोटिसा येतात, तेव्हा तुमचा अर्ज मध्येच असेल तर जमा पावतीची झेरॉक्स फाईलला लावा. लायसन्सची मुदत आता ५ वर्षं आहे, मुदत संपायला दोन महिने राहिलेत तोवर रिन्यूअलचा अर्ज गेला पाहिजे, मुदत संपलेल्या लायसन्सवर ट्रान्सफर होत नाही. गन हातात घेऊन रील टाकू नका. वरातीत हवेत गोळी मारणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

परवानगी आल्यावर आम्ही दोघं एका डीलरकडं गेलो, त्याच्या रजिस्टरला नोंदी केल्या, पैसे चेकनं. तिथनं सरळ गृह शाखेत, माझ्या लायसन्सवरनं रिव्हॉल्व्हर कमी, पिस्तूल चढवलं, शिक्का. मित्र तेवढ्यात गाडी काढायला निघालेला, त्याला परत बोलावलं, कारण त्याच्या लायसन्सवर पिस्तूल अजून तसंच दिसत होतं आणि घरात पिस्तुलाच्या अकरा गोळ्या पडून होत्या, त्या पण दुसऱ्या दिवशी डीलरकडं जमा केल्या आणि पावती फाईलला लावली.