नारिंग-वाइन

तयार वाइनमध्ये कडू संत्र्याच्या फोडी सालीसकट, साखर आणि थोडी कडक दारू घालून महिना-दीड महिना मुरवलेले, जेवणाआधी घ्यायचे पेय. मूळ दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचे. तिथे त्याला ‘व्हँ दोरांज’ म्हणतात. दुकानात ‘ऑरेंज वाइन’ नावाने मिळते ती वाइन निराळी. ती पांढरी द्राक्षे सालीसकट आंबवून करतात आणि तिच्यात संत्रे औषधालाही नसते.

अशा पेयांना फ्रेंचमध्ये ‘अपेरितीफ’ म्हणतात. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘उघडणे’. कडू-आंबट चवीने तोंडाला पाणी सुटते आणि भूक चाळवते. आल्याच्या कापाला सैंधव-लिंबू लावून पानावर बसण्याआधी चघळणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. द्राक्षासवाशी मात्र याची गल्लत करू नये. आसव आंबवून होते. इथे आंबण्याचे काम वाइनच्या कारखान्यातच आटोपलेले असते. घरी उरते ते मुरवणे, म्हणजे दारू गाळण्यापेक्षा लोणचे घालण्याच्या जवळचे काम.

सगळी मदार फळावर. कडू संत्रे, म्हणजे आपले नारिंग, अरबांबरोबर सिसिली-स्पेनपर्यंत गेले; गोड संत्रे युरोपात बऱ्याच उशिरा पोचले. संस्कृत ‘नारंग’ फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ आणि फ्रेंचमध्ये ‘ओरांज’ झाले. सालीतल्या एका कडू द्रव्यालाही रसायनशास्त्रात ‘नारिंजिन’च म्हणतात.

इंदूरच्या चोइथराम मंडीत थंडीभर संत्र्यांचे ढीग लागतात. आगर-माळव्याचा पट्टा संत्र्याचाच, शिवाय नागपुरी माल असतोच. नारिंग मात्र सहसा नजरेस पडत नाही. नुसत्या संत्र्यावर भागवू गेले तर हाती सरबत येते: साल ढिली, गर गोड, वास सुरेख, पण कडूपणा नावाला. यावरचा तोडगा त्याच मंडीत मिळतो. नारिंग हा पपनस आणि संत्रा यांचा संकर, हे जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. तेव्हा पोर मिळत नसेल तर आई-बाप एका बरणीत घालावेत. पपनस इथे ‘चकोतरा’ म्हणून मागावा लागतो. त्याच्या जाड सालीच्या आतल्या पांढऱ्या थरात नारिंजिन भरपूर असते. वास संत्र्याचा, कडूपणा चकोतऱ्याचा, आंबटपणा कागदी लिंबाचा.

प्रोव्हान्समध्ये साधारण ५ लिटर वाइनला १ लिटर कडक दारू आणि १ किलो साखर धरतात. घरगुती बेताला ७५० मि.ली.च्या २ बाटल्या, ३०० मि.ली. व्होडका आणि ३०० ग्रॅम साखर पुरे. वाइन नाशिकची साधी पांढरी शेनँ ब्लाँ किंवा गुलाबी रोझे चालते. महागडी बाटली यात घालणे म्हणजे पैठणीचे पायपुसणे करणे. दोन संत्र्यांची साल आणि मोजक्या चकत्या, चकोतऱ्याची पाव साल, अर्धे लिंबू. व्होडका केवळ जोर वाढवायला नसते. वाइन १२-१३ टक्क्यांची, त्यात साखर आणि फळ पडले की पुन्हा आंबायला वाव मिळतो. मिश्रण १५ टक्क्यांच्या आसपास गेले की यीस्टची डाळ सहसा शिजत नाही.

फळे कोमट पाण्यात मीठ लावून घासावीत, कारण बाजारातल्या फळावर मेणाचा हात फिरलेला असतो. साल आणि चकत्या बरणीत, त्यावर साखर, मग व्होडका आणि शेवटी वाइन. बरणी काचेची किंवा चिनी मातीची. तांब्या-पितळेला आंबट बाधते, आणि सालीतले तेल प्लॅस्टिकलाही सोडत नाही. चकत्या वर तरंगतात आणि उघड्या पडल्या की त्यांवर बुरशी धरते, म्हणून लोणच्यासारखी वर एक बशी दाबून ठेवावी. झाकणाखाली दादरा बांधून बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवावी आणि रोज एकदा हलवावी.

दहाव्या दिवसापासून पेय चाखून पाहावे आणि कडूपणा पुरेसा वाटला की चकोतऱ्याची साल काढून टाकावी. प्रस्तुत लेखकाची पहिली बरणी इथेच बिघडली: साल ४० दिवस तशीच राहिली आणि पेय काढ्याच्या वाटेने गेले. मसाल्यात दालचिनीचा तुकडा किंवा व्हॅनिलाची शेंग शोभते. वेलदोडा मोहात पाडतो, पण मग घोटाघोटाला श्रीखंडाची आठवण येत राहते.

संक्रांतीला घातलेली बरणी फेब्रुवारीच्या शेवटी गाळायला येते, इंदुरात उन्हाचा चटका सुरू व्हायच्या आत. मलमलीतून दोनदा गाळावे, चोथा पिळू नये. पिळल्यास पेय गढूळ होते. थोडा धुरकटपणा सालीच्या तेलाचा असतो, त्याने बिघडत नाही. बुडबुडे येऊ लागले किंवा वर साय धरली तर मात्र सरळ ओतून द्यावे. गाळलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून पंधरवडाभर थांबले की कडवट आणि गोड चवी एकजीव होतात.

मध्य प्रदेशात परवान्याशिवाय दारू आंबवणे, गाळणे वा विकणे गुन्हा आहे, आणि २१ वर्षांखालच्यांना मद्य विकता येत नाही. उज्जैन, महेश्वर धरून अनेक तीर्थक्षेत्री १ एप्रिल २०२५ पासून मद्यविक्री बंद आहे. इंदूरच्या मराठी घरांची निम्मी सोयरीक बडोद्याची, पण तिकडे ही बाटली भेट म्हणून नेता येत नाही. गुजरातेत दारूबंदी आहे.

प्यायचे ते लहान पेल्यात, ६०-७० मि.ली., भरपूर बर्फ आणि सालीचा एक काप घालून. प्रोव्हान्समध्ये सोबत ऑलिव्ह असतात. इंदुरात लवंगेची शेव समोर येते आणि ती ऑलिव्हपेक्षा बरी लागते, फक्त पेल्याआधी वाटी संपते.