पंप काढलेलं स्टिअरिंग आणि मुळातलं मॅन्युअल

घाटात पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा बेल्ट तुटला. इंजिन चालू, ब्रेक व्यवस्थित, फक्त स्टिअरिंग असं जड झालं की प्रत्येक वळणाला खांद्यातून जोर लावायला लागला. गंमत म्हणजे याच रस्त्याने वडिलांची मारुती ८०० मी कितीतरी वेळा चालवली होती. ८००ला कधीच पॉवर स्टिअरिंग नव्हतं आणि तिचं काही अडलं नाही. खाली गावात गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाला, "पंप पण गेलाय साहेब. नवा कशाला टाकता? काढून टाकू, मॅन्युअल करून देतो."

गडबड होते ती या 'मॅन्युअल करून देतो'पाशी. त्याला म्हणायचं होतं पंप, बेल्ट आणि होज पाइप काढून टाकू. मला ऐकू आलं की गाडीला ८००सारखं स्टिअरिंग मिळेल. या दोन गोष्टी एक नव्हेत.

मॅन्युअल रॅकमध्ये लपवण्यासारखं काही नसतं. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला दात्यांचा पिनियन, त्याच्याखाली आडवी दातेरी पट्टी म्हणजे रॅक. पिनियन फिरला की रॅक सरकतो, टाय रॉड चाकं वळवतात. हातापासून चाकापर्यंत सगळं लोखंड, आणि थोडं ग्रीस.

तेलाच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये हे सगळं असतंच, वर आणखी दोन पाहुणे असतात. रॅकवर एक पिस्टन असतो. त्याच्या एका बाजूला दाबाचं तेल सोडलं की तो रॅकला ढकलतो, म्हणजे बरंचसं काम तेल करतं. तेल कुठल्या बाजूला सोडायचं हे पिनियनच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह ठरवतो. तुम्ही वळवताय हे त्या व्हॉल्व्हला कळावं म्हणून स्टिअरिंगचा दांडा आणि पिनियन थेट जोडलेले नसतात. मध्ये टॉर्शन बार नावाची स्प्रिंग स्टीलची बारीक कांडी असते. तुम्ही जोर लावला की ती काही अंश पिळली जाते आणि तेवढ्या पिळावर व्हॉल्व्ह उघडतो. मदत सुरू झाली की पीळ सुटतो. फार सुंदर कल्पना आहे ही. पण पंप चालू असेल तरच.

पंप काढल्यावर हे दोन्ही पाहुणे घरातच राहतात. कांडी अजून पिळली जाते, पण आता पीळ सोडवायला कोणी येत नाही. तुम्ही जागेवर चाक वळवायला जाता, स्टिअरिंग थोडं फिरतं, चाक ढिम्म हलत नाही. मग कांडीच्या बाजूचे अडथळे एकमेकांना भिडतात आणि तेव्हा कुठे चाक वळायला लागतं. हे अडथळे सुरक्षेसाठीच ठेवलेले असतात, कांडी तुटली तरी चाकांशी नातं तुटू नये म्हणून. त्यामुळे गाडी हाताबाहेर जाणार नाही, पण सरळ रस्त्यावरही मधोमध एक लिबलिबीत जागा जाणवत राहते. आपल्याकडच्या नियमांत स्टिअरिंगचा प्ले, म्हणजे चाक न हलता स्टिअरिंग जितकं मोकळं फिरतं ते, ३० अंशांपेक्षा जास्त नसावा असं आहे. हा पीळ त्याच्या जवळपासही जात नाही, तरी हाताला तो पहिल्या किलोमीटरलाच कळतो.

दुसरा पाहुणा पिस्टन. पाइप काढून तोंडं बुचांनी बंद केलीत तर आत कोंडलेलं तेल पिस्टनला हलूच देत नाही. तोंडं उघडी ठेवलीत तर रॅक प्रत्येक वळणाला आतलं तेल बाहेर फेकतो आणि बाहेरची धूळ-पाणी आत ओढतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. बहुतेक ठिकाणी तिसरा मार्ग निवडतात, दोन्ही तोंडं एका नळीने एकमेकांना जोडायची. गाडी चालते, पण प्रत्येक वळणाला तेल बारीक भोकांतून इकडून तिकडे ढकलायचं काम आता तुमच्या हातांना करायचं असतं.

नीट करायचं तर रॅक खोलावा लागतो. पिस्टनवरची सील काढायची, तेल पूर्ण उपसायचं, ग्रीस भरायचं. काही जण व्हॉल्व्हचे दोन्ही भाग वेल्ड करून कांडीचा पीळच संपवतात. याने फरक पडतो, फार पडतो. पण वेल्डिंगची उष्णता आणि स्टिअरिंगचा दांडा ही जोडी मला रात्री झोपू देत नाही. हे काम पूर्वी केलेल्या माणसाकडेच करावं. कोपऱ्यावरच्या गेट-ग्रीलवाल्याकडे नव्हे.

इतकं करूनही एक फरक उरतो, आणि तो वेल्ड करून जात नाही. गुणोत्तर. पॉवर रॅक बनवणाऱ्याला माहीत असतं की जोर तेल लावणार आहे, म्हणून तो स्टिअरिंग चपळ ठेवतो, म्हणजे थोड्या फिरवण्यात चाक जास्त वळतं. मॅन्युअल रॅकवाल्याला तुमच्या हातांची काळजी असते. तो जास्त फिरवायला लावतो आणि त्या बदल्यात जोर कमी मागतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण माझदाची एमएक्स-५, अमेरिकेत जिला मियाटा म्हणतात. १९८९ मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या पिढीत दोन्ही प्रकारचे रॅक कारखान्यातूनच मिळत. मॅन्युअलचं गुणोत्तर १८ ला १, म्हणजे स्टिअरिंग १८ अंश फिरवलं की चाक १ अंश वळतं; पॉवरचं १५ ला १. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मॅन्युअलचे साधारण ३.३ फेरे, पॉवरचे २.८. आता पॉवर रॅकमधून तेल काढून टाका. तेच चाक, तोच टायर, तोच रस्ता, पण त्याच गाडीच्या मॅन्युअल रॅकपेक्षा तुम्हाला सुमारे २० टक्के जास्त जोर लावायचाय. घर्षण आणि कांडीचा पीळ यात धरलेलेच नाहीत. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांना हे चालतं, किंबहुना तेच हवं असतं. वेगात स्टिअरिंग तसंही हलकं होतं, आणि त्यांना चपळ रॅकबरोबर रस्त्याचा थेट स्पर्श मिळतो. मंडईबाहेर तीन हिसक्यांत गाडी लावायची असेल तर तो स्पर्श नकोसा होतो.

८००चं कोडं इथेच सुटतं. जेमतेम साडेसहाशे किलोची गाडी, १४५ मिलिमीटर रुंदीचे आणि १२ इंची रिमचे टायर, आणि पहिल्यापासून हातांच्याच हिशेबाने केलेला रॅक. ती हलकी लागे कारण ती कुणाच्या मदतीवर अवलंबून नव्हती. माझ्या गाडीचं नाक जड, टायर रुंद, आणि सगळं गणित पंपावर मांडलेलं.

विजेवरच्या स्टिअरिंगचा हिशेब वेगळा आहे. हा प्रकार १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत प्रथम आला. आपल्याकडे जुन्या ऑल्टोत एलएक्सला साधं स्टिअरिंग आणि एलएक्सआयला विजेचं असा फरक होता, त्यामुळे बरेच जण एकाच गाडीची दोन्ही रूपं ओळखतात. अशा गाडीत मोटार कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावर असते, रॅकमध्ये ना तेल ना पिस्टन. म्हणून काही जण फ्यूज काढून 'मॅन्युअल झालं' म्हणतात. झालेलं नसतं. बंद मोटार आणि तिचा गिअर तुमच्या हातांनी फिरतच राहतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळत राहतो. इथे बदलायचाच तर कॉलम बदलायचा. आणि नव्या गाड्यांत स्टिअरिंगची माहिती बाकीच्या सुरक्षा यंत्रणाही वापरतात, तिथे हात घालूच नये.

खरं मॅन्युअल हवं असेल तर तुमच्याच मॉडेलचा मॅन्युअल रॅक शोधावा. कंपनीने तशी गाडी विकलीच नसेल तर मी तरी विषय तिथेच सोडून देईन. दुसऱ्या गाडीचा रॅक बसवताना बोल्ट जुळतात, पण टाय रॉडची लांबी किंवा रॅकची उंची थोडी चुकली तरी खड्ड्यात चाक वर-खाली होताना गाडी आपोआप वळायला बघते. योग्य रॅक मिळाला तरी कॉलमच्या जॉइंटच्या खाचा तपासा, रॅक मधोमध आणून मगच स्टिअरिंग बसवा, आणि लगेच अलाइनमेंट करा. पंपाचा बेल्ट एसीही फिरवत असेल, मियाटात तसंच आहे, तर वेगळ्या लांबीचा बेल्ट लागेल. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्यावर आहे. काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घेतलेलं बरं.

मी शेवटी काय केलं? नवा पंप टाकला. रोज ऑफिसला जायच्या गाडीला दुसरं काही परवडत नाही, हातांनाही आणि खिशालाही.

जुनी गाडी घ्यायला गेलात आणि मालक म्हणाला की स्टिअरिंग मॅन्युअल आहे, तर खाली वाकून रॅक बघा. पिनियनपाशी व्हॉल्व्हचा जाड गोळा आणि रॅकच्या अंगावरून जाणाऱ्या दोन बारीक लोखंडी नळ्या दिसल्या, तर तो पंप काढलेला पॉवर रॅक आहे. मग इंजिन चालू करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा, आणि त्या नळ्यांची तोंडं कशाने बंद केलीत ते मालकाला विचारा.