स्टे मिळाला म्हणजे केस जिंकली नव्हे

लालबागच्या आमच्या चाळीत पुनर्विकासाच्या भांडणात कोर्टाचा स्टे आला, त्याच संध्याकाळी जिन्यात पेढे वाटले गेले. तळमजल्यावरचे कोर्टातून निवृत्त झालेले काका तेवढे पेढा हातात धरून म्हणाले, ‘‘अहो, अजून एक साक्षीदार तपासला नाही, आणि जिंकलो कसले?’’

काकांचं बरोबर होतं. स्टे, म्हणजे अंतरिम मनाई, हक्क कोणाचा हे सांगतच नाही. हक्क ठरेपर्यंत कोणी काय करायचं नाही, एवढंच तो सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली मनाई मागितली की न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात: दाव्यात वरवर पाहता दम आहे का, मनाई दिल्याने किंवा न दिल्याने जास्त गैरसोय कोणाची, आणि होणारं नुकसान पुढे पैशाने भरून निघेल का. यातली तिसरी गोष्ट मुंबईकराला समजावून सांगावी लागत नाही. पाडलेली खोली चार वर्षांनी निकाल बाजूने लागला म्हणून परत उभी राहत नाही. समोरच्याला न ऐकता दिलेली मनाई असेल, तर तो अर्ज 30 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो. ‘प्रयत्न’ हा शब्द लक्षात ठेवा.

निकाल येतो तो मुद्दे ठरून, साक्षी आणि उलटतपासण्या होऊन. तिथे स्टेच्या वेळचं मत न्यायाधीशांना बांधत नाही.

दोन्हींतलं अंतर पाहायचं तर याच शहरातलं ओल्गा टेलिस प्रकरण पाहावं. जुलै 1981, भर पावसाळा. मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून गावी पाठवण्याची घोषणा केली. कामराज नगरचे काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले, त्यांना थोड्या दिवसांची मनाई मिळाली. पुढे त्यांच्या वतीने हमी दिली गेली: फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क सांगणार नाही, 15 ऑक्टोबरनंतर तोडकामाच्या आड येणार नाही. अंतरिम टप्प्यावर माणूस काय कबूल करतो पाहा. डोक्यावरचं प्लास्टिक आणखी तीन महिने टिकावं, एवढ्यासाठी.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा तीच हमी त्यांच्यावर उलटवली गेली. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते मानलं नाही. मूलभूत हक्क असा कबुलीने सोडून देता येत नाही, असं सांगितलं. 10 जुलै 1985 चा तो निकाल, सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेला: राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पुढे कित्येक प्रकरणांत वकील हे वाक्य घेऊन उभे राहिले.

पण त्याच निकालात महापालिका कायद्याचं कलम 314, विनानोटीस अतिक्रमण हटवू देणारं, वैध ठरलं. मात्र सहसा नोटीस दिलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला गेला. 1976 च्या झोपड्यांच्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायची होती. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र कोणालाच मिळाला नाही. पावसाळा सरून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, हात लावू नका, एवढी सवड मिळाली.